सहा नंबरचा ब्रश आणि चितळाचे ठिपके

मी एक जुना ब्रश आहे. सहा नंबरचा, गोल, पितळी गळ्याचा आणि तांबड्या लाकडी दांड्याचा. दांड्यावरचा रंग आता निम्मा उडालाय आणि जिथे अंगठा टेकतो तिथे लाकूड गुळगुळीत झालंय. मित्रांनो, माझ्याबद्दलची एक गोष्ट मी सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण ती लपवली गेली म्हणूनच पुढचं सगळं घडलं. माझे केस मुंगसाचे आहेत.

मुंगूस तुम्ही पाहिलं असेल. धानाच्या बांधावरून सुर्रकन जातं, मधेच दोन पायांवर उभं राहून इकडेतिकडे बघतं आणि गवतात नाहीसं होतं. त्याच्या एकेका केसावर पट्टे असतात. काळा, पिवळट, पुन्हा काळा, पुन्हा पिवळट. हे केस पाणी धरून ठेवतात, रंग धरून ठेवतात आणि टोकाशी सगळे एक होतात. म्हणून चित्रं काढणाऱ्यांना ते हवेसे झाले, आणि म्हणून मुंगसं मारली गेली. कायद्याने बंदी आली तरी चोरून मारली गेली. मी एकाच मुंगसाचा की चार-पाच मुंगसांचा, ते मला सांगता येत नाही. दूरच्या कुठल्याशा गावात, बंद खिडक्यांच्या खोलीत कोणीतरी चिमटीने केस निवडले, दोऱ्याने बांधले आणि पितळेच्या नळीत ओवले. माझा जन्म तो.

वीस वर्षांपूर्वी वामनराव गेडाम मला नागपुरातून घेऊन आले. ते आरमोरीच्या शाळेत चित्रकलेचे मास्तर. दुकानदाराने फडताळाच्या मागून मला काढलं आणि हळूच म्हणाला, "असली माल है मास्तर. नेवले का." नेवला म्हणजे मुंगूस. वामनरावांनी मला तळहातावर दाबलं आणि सोडलं. मी ताठ उभा राहिलो. त्यांचे डोळे चमकले. बंदी त्यांना ठाऊक होती, दर वर्षी वन्यजीव सप्ताहात शाळेच्या भिंतीवर तेच तर घोषणा रंगवत. तरी त्यांनी मला सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवलं.

घरी गिरजाबाईंनी विचारलं, "कायचा ब्रश हाय जी? लई मऊ लागते."

"नायलॉनचा," वामनराव म्हणाले, "फॉरेनचा आहे." आणि पाणी प्यायला आत गेले.

गिरजाबाई हळू बोलणाऱ्या, रोजचा नेम न चुकवणाऱ्या. पहाटे उठून बुद्धवंदना, संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन, आणि पावसाळ्यातल्या वर्षावासाचे तीन महिने दुपारनंतर अन्न नाही. नवऱ्याच्या हातातली वस्तू म्हणजे त्यांच्या लेखी विद्येची वस्तू. त्यांनी मला स्वच्छ पांढऱ्या फडक्यात गुंडाळलं आणि तथागतांच्या तसबिरीखालच्या फळीवर ठेवलं. तेव्हापासून माझी जागा ती. चित्र काढायला बसण्याआधी वामनराव मला दोन्ही तळव्यांमध्ये धरून पंचशील म्हणत आणि शेजारी बसून गिरजाबाईही म्हणत. पहिलं शील कोणतं, तुम्हाला माहीत आहे. प्राण्याची हत्या करण्यापासून मी दूर राहीन. मी त्या दोन तळव्यांमध्ये असे आणि ऐकत असे.

मित्रांनो, काम मात्र मी मनापासून केलं. वामनराव गुआश रंगांत काम करत. तुमच्या पोस्टर कलरचा तो मोठा भाऊ समजा. जाड, झाकणारा, वाळल्यावर खडूसारखा मऊ दिसणारा. त्याचे दोन स्वभाव आहेत. एक, गडद रंगावर फिका रंग देता येतो, म्हणून पांढरा सगळ्यात शेवटी. आणि दुसरा, वाळलेल्या रंगाला ओला ब्रश जास्त वेळ लागला की खालचा रंग जागा होऊन वर येतो. म्हणून ब्रश दर वेळी धुवायचा, पुसायचा आणि एका फटक्यात काम करायचं. मी रानगवे काढले, नीलगाई काढल्या, तलावातले बगळे काढले. बुद्धजयंतीला विहाराचे फलक रंगवले. लोक म्हणायचे, "मास्तर, तुमच्या हाताला जादू आहे." मास्तर माझ्याकडे न बघता हसायचे.

मग ते निवृत्त झाले आणि त्यांचा हात थरथरायला लागला. दोन वर्षं मी फडक्यात गुंडाळलेला पडून राहिलो. माझ्या गळ्याशी जुना निळा रंग दगडासारखा झाला. एके दिवशी त्यांची मुलगी दिव्यानी हिने मला उघडलं, कोमट पाण्यात ठेवलं, बोटांनी हळूहळू मोकळं केलं. तिचा हात बापासारखा होता, पण त्याहून शांत. "बाबा, हा मी घेऊ?" तिने विचारलं. वामनराव माझ्याकडे न बघता म्हणाले, "घे."

आता त्या दिवसाकडे येतो.

जंगलाच्या फाटकाजवळ नवं निसर्ग माहिती केंद्र झालं होतं. तिथल्या भिंतींसाठी चौदा मोठी चित्रं हवी होती, आणि ती कोणी काढायची हे ठरवायला वन्यजीव सप्ताहात परीक्षा ठेवली होती. सकाळी आठ ते अकरा. विषय : जंगलातला एक शांत प्रसंग, प्राण्यांसह. रंग गुआश. जो निवडला जाईल त्याला वर्षभराचं काम. दिव्यानी बावीस वर्षांची. हे काम मिळालं नाही तर दिवाळीनंतर नागपुरात मावशीकडे राहून कापडाच्या दुकानात उभं राहायचं, असं घरी ठरलं होतं. तिथे चित्राला वेळ कुठला? म्हणून त्या सकाळी तिने मला पिशवीत ठेवलं तेव्हा तिची बोटं गार पडली होती.

वामनराव आणि गिरजाबाई तिच्यासोबत आले होते. आश्विनातली अष्टमी होती. गिरजाबाईंनी पांढरं लुगडं नेसलं होतं आणि अष्टशील, त्या दिवसापुरते आठ नियम, घेतले होते. दोघं व्हरांड्यातल्या बाकावर बसले. तिथून खिडकीतून सगळा हॉल दिसत होता.

अकरा जण परीक्षेला होते. रंग उघडण्याआधी वनरक्षक निशा आत्राम पुढे आल्या. एटापल्लीकडच्या, वयाने दिव्यानीहून थोड्याच मोठ्या, खाकी गणवेशात. त्यांच्या हातात प्लास्टिकची छोटी थैली होती आणि थैलीत एक ब्रश.

"हा पाहून घ्या. मागच्या वर्षी जप्त केला. मुंगसाचा केस आहे," त्या म्हणाल्या. "नायलॉनचा केस वरपासून खालपर्यंत एका रंगाचा राह्यते. याच्यावर पट्टे आहेत, काळा-पिवळा, काळा-पिवळा. कोणाजवळ असा असंल तर आत्ता या डब्यात टाका. मी काहीच विचारणार नाही. पण परीक्षा सुरू झाल्यावर सापडला तर तो माणूस बाद. आणि गुन्ह्याचे कागद वेगळे होतील."

पुढच्या बाकावरचा राजुऱ्याचा मिथुन म्हणाला, "मॅडम, माह्या ब्रशात माह्याच डोक्याचे केस हायेत वाटते. रोज झडून राह्यले."

सगळे हसले. निशाताईही हसल्या. "मंग तुमच्यावर केस नाई होत. टक्कल होते."

दिव्यानी हसली नाही. तिने पिशवीतच मला फडक्यातून थोडं बाहेर ओढलं आणि पिशवीचं तोंड खिडकीच्या उजेडाकडे केलं. दोन वर्षं ती मला धूत होती, पुसत होती. माझे पट्टे तिने शंभर वेळा पाहिले होते. ते काय आहेत हे मात्र तिला आत्ता कळलं.

डबा रांगेतून फिरला. एका मुलीने एक बारका ब्रश त्यात टाकला आणि डबा पुढे सरकवला. डबा दिव्यानीसमोर आला. तिच्याकडे दुसरे दोन ब्रश होते, पण एक घर रंगवायचा म्हणावा इतका रुंद आणि दुसऱ्याचे केस दाही दिशांना गेलेले. टोकदार होतो तो मी एकटा. तिने व्हरांड्याकडे पाहिलं. वामनराव जमिनीकडे बघत होते. डबा पुढे गेला.

घंटा झाली. दिव्यानीने मला बाहेर काढलं आणि कोणी बघायच्या आत थेट काळसर हिरव्या रंगात बुडवलं. माझे पट्टे झाकले गेले.

तिने ठरवलेलं चित्र फार सुंदर होतं. पहाटेचा तलाव, पाळीवर म्हणजे त्याच्या बांधावर मोहाचं एक झाड, पाण्याशी वाकलेली चितळाची मादी आणि तिच्या पोटाशी उभं असलेलं पाडस. दुसरं काही नाही. पाडसाने कान टवकारलेले, आणि तरी सगळीकडे शांत. गडद रंग भरभर बसत गेले. पाळ झाली, झाडाचं खोड झालं, मादीची तपकिरी पाठ झाली. पहिल्या तासात इतर कोणाचं काम इतकं पुढे गेलं नव्हतं.

पण मित्रांनो, तिने मला एकदाही धुतलं नाही. धुतलं की पट्टे दिसतील, ही धास्ती. एका रंगातून दुसऱ्यात जाताना ती मला नुसतं फडक्यावर दाबत होती. आता पाण्यावर पहाटेचा उजेड यायचा होता, फिकट पिवळा. तिने मला पिवळ्यात बुडवलं आणि कागदावर ओढलं. उजेड नाही आला. शेवाळ आलं. तिने पुन्हा ओढलं, तसा खालचा हिरवा जागा झाला आणि पिवळ्यात मिसळला.

निशाताई रांगांमधून फिरत होत्या. त्यांचे बूट फरशीवर वाजत होते. आवाज जवळ आला की दिव्यानी मला रंगात खोल रुतवायची आणि लांब गेला की बाहेर काढायची. एकदा बूट तिच्या मागेच थांबले.

"छान दिसून राह्यलं," निशाताई म्हणाल्या. "पण पाण्याचा डबा तर एकदम साफ आहे तुमचा. ब्रश धूत नाई का?"

"धुते," दिव्यानी म्हणाली.

बूट पुढे गेले. लगेच नाही. दोन क्षण थांबून.

दहा वाजून गेले. आता राहिले होते ठिपके. चितळाच्या पाठीवरचे पांढरे ठिपके, मादीचे ओळीने आणि पाडसाचे विखुरलेले. ते नसतील तर ते चितळच नाही, कोणाचंही बकरं. आणि ते स्वच्छ पांढरेच लागतात. माझ्या पोटात तेव्हा हिरवा होता, तपकिरी होता, मळका पिवळा होता. माझ्याने पांढरा ठिपका उमटणार नव्हता. मला धुवावंच लागणार होतं. आणि धुतलं की मी काय आहे ते साऱ्या हॉलला दिसणार होतं.

दिव्यानी पाडसाकडे बघत राहिली. पाडस पोटाशी उभं होतं, कान टवकारून. तिने मला पाण्यात बुडवलं आणि हलवलं. एकदा, दोनदा, तीनदा. पाणी काळं झालं. तिने मला बाहेर काढून पांढऱ्या फडक्यावर आडवं ठेवलं. काळा, पिवळट, काळा, पिवळट. वीस वर्षांत इतक्या उजेडात मला कोणी ठेवलं नव्हतं.

मग ती उठून उभी राहिली.

"निशाताई," ती म्हणाली, "माझ्याजवळ एक हाये. मी मघाशी टाकला नाई."

हॉलमधला कुंचल्यांचा आवाज थांबला. निशाताई आल्या, मला उचललं, दोन बोटांत फिरवलं. त्यांचा चेहरा कठोर झाला नाही, दमल्यासारखा झाला. "मघाशी काऊन नाई टाकला वं? मी तर काहीच विचारणार नव्हते."

"दुसरा टोकाचा ब्रशच नव्हता."

मागून वनाधिकारी साहेब आले. वयस्कर माणूस, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी सगळं ऐकलं आणि वही उघडली. "कुठून आणला?"

"घरातला आहे. बाबांचा."

साहेबांनी व्हरांड्याकडे पाहिलं. वामनराव आधीच उठले होते. ते आत आले आणि त्यांच्या मागून गिरजाबाई, पदर सावरत.

"मास्तर, बसा," साहेब म्हणाले. त्यांनी वामनरावांना ओळखलं होतं, त्यांच्या पोरांना याच मास्तरांनी चित्रं शिकवली होती. म्हणून आवाज नरम ठेवून ते पुढे म्हणाले, "जुनी वस्तू दिसते. तुम्हाला दुकानदाराने फसवलं असेल. तुम्हाला माहीत नव्हतं, असं लिहितो?"

साहेबांनी वाट मोकळी करून दिली होती. वामनरावांनी फक्त मान हलवायची होती. मान हलली की ते सुटत होते, लेकीवरचा बोलही हलका होत होता. गिरजाबाई नवऱ्याकडे बघत होत्या, अगदी विश्वासाने, मास्तरांना खरोखर काही माहीत नव्हतं अशी खात्री असल्यासारख्या.

त्या नजरेने वामनरावांना उभं राहू दिलं नाही. ते खुर्चीवर बसले.

"मले माईत होतं," ते म्हणाले. पुन्हा, जरा मोठ्याने म्हणाले, "दुकानदारानं सांगितलं होतं. घरी मी नायलॉनचा सांगितला. पोरीचा दोष नाई साहेब. तिले आजच कळलं."

बाहेर सागाच्या पानावर खारीने काहीतरी टाकल्याचा आवाज आला.

मग गिरजाबाई बोलल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. "वीस वर्सं मी हे फळीवर ठेवलं. याच्यापुढं उदबत्ती लावली." त्या थांबल्या. "तुमी शील म्हणत होते तवा तुमाले काय वाटत होतं जी?"

वामनराव रडत होते, आवाज न करता.

साहेबांनी लिहून घेतलं. मग चष्मा डोळ्यांवर ओढून दिव्यानीकडे पाहिलं. "बेटा, तू स्वतःहून दिलास हे मी लिहिलंय. पण सगळ्यांसमोर सांगितलेला नियम आहे. या निवडीतून तू बाद."

"हो," दिव्यानी म्हणाली. नागपूर, मावशीचं घर, कापडाचं दुकान, सगळं त्या एका 'हो'त होतं. ती बसली नाही. "साहेब, चित्र पूर्ण करू का?"

"आता कशाला?"

"ठिपके राह्यले."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. पंधरा मिनिटं उरली होती. "कर," ते म्हणाले.

पण करणार कशाने? मिथुनने आपला ब्रश पुढे केला आणि जीभ चावून मागे घेतला, कारण त्यालाही अजून लागणार होता. दिव्यानीने कोपऱ्यात उभ्या शिंदीच्या झाडूतून एक काडी ओढली. टोक दाताने तोडून बोथट केलं. काडी पांढऱ्या रंगात टेकवली आणि मादीच्या पाठीवर पहिला ठिपका ठेवला. तो गोल आला. स्वच्छ आला. झाडूची काडी खालच्या रंगाला जागं करत नाही, नुसती टेकते आणि उचलली जाते. दुसरा ठिपका, तिसरा, एक ओळ, दुसरी ओळ. मग पाडसाच्या पाठीवर विखुरलेले. हॉलमधल्या कोणी काम केलं नाही. सगळे तिची काडी बघत राहिले. मी निशाताईंच्या हातात होतो आणि मीही बघत होतो. पाण्यावरचा उजेड मळकाच राहिला, तो काही सुधारला नाही. पण चितळं चितळं झाली.

काम मिथुनला मिळालं. त्याने चौदाही चित्रं चांगली काढली. दिव्यानी दिवाळीनंतर नागपूरला गेली. रविवारी दुकान बंद असतं, त्या दिवशी ती रंगवते, असं निशाताई कोणाला तरी सांगत होत्या. तिने पुढच्या परीक्षेसाठी नायलॉनचे तीन ब्रश घेतलेत आणि आता प्रत्येक वेळी धुते. वामनरावांना कचेरीत तीनदा बोलावलं, जबाब झाले, शेवटी ताकीद देऊन सोडलं. घरात पंचशील अजूनही रोज होतं. काही महिने गिरजाबाई एकट्या म्हणत होत्या. मग एका सकाळी वामनराव येऊन शेजारी बसले, रिकामे हात जोडून. गिरजाबाईंनी सरकून त्यांना चटई दिली.

माझे कागद बरेच दिवस फिरले. शेवटी या केंद्रात शिकवण्यासाठी मला परत पाठवलं आणि काचेच्या पेटीत ठेवलं. तेव्हापासून तुमच्यासारखी मुलं रांगेने येतात आणि काचेला नाक लावून मला बघतात. पेटीवर पाटी लावायची होती, तेव्हा साहेब सांगत होते, "लिहा, जप्त केलेला ब्रश, क्रमांक सहा." त्या दिवशी गिरजाबाई चुलत जावेच्या नातवाला घेऊन केंद्र बघायला आल्या होत्या. दारातूनच त्या हळूच म्हणाल्या, "साहेब, तो आधी ब्रश नव्हता ना जी."

निशाताईंनी पेन थांबवलं. साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान हलवली.

म्हणून मित्रांनो, माझ्या पाटीवर ब्रश हा शब्दच नाही. तिथे एवढंच लिहिलंय : 'मुंगूस'. ती पाटी वाचताना जरा थांबा. चित्र काढा, खूप काढा, गवे काढा, बगळे काढा, पाडसं काढा. फक्त ज्याचं चित्र काढता त्याचे, आणि ज्याचं काढत नाही त्याचेही, अंगावरचे केस त्याच्याच अंगावर राहू द्या.